केसभर फट

आंबीच्या रखमाजी सुताराला दोन खोडी होत्या. एक, तो लाकडाशी बोलायचा. दुसरी, कुणी त्याच्या कामाची तारीफ केली की त्याला पुढचं-मागचं भान राहायचं नाही. पहिलीनं कुणाचं काही बिघडलं नाही. दुसरीपायी मात्र त्याच्या घरातला देव गेला.

गेला म्हणजे चोरीला नाही, हरवलाही नाही. कुठं आहे ते रखमाजीला चांगलं ठाऊक होतं. तिथवर हात पोचत नव्हता, एवढंच.

सन चौतीसची गोष्ट. पुण्याच्या माधवराव वकिलांनी लोणावळ्याला नवं घर बांधलं आणि आपली आई व बायको यांना तिथं राहायला पाठवलं. स्वतः ते शनिवारी येत आणि रविवारी परत जात. त्यामुळं त्या घरात राज्य होतं ते त्यांच्या आईचं, माईंचं. माईंनी उभा जन्म एकत्र कुटुंबात काढलेला. जावांच्या फडताळात हात घालून, जावांच्या डब्यातलं मीठ शोधत तीस वर्षं स्वयंपाक केला. आता त्यांना स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं, आणि तेही मनासारखं. कुणीतरी आंबीच्या रखमाजीचं नाव सांगितलं.

रखमाजी आला आणि त्यानं नऊ दिवस हत्याराला हातच लावला नाही. नुसतं बघत बसला. माईंना चुलीपुढं बसवून हात लांब करायला सांगितला आणि हात पोचला तिथं भिंतीवर कोळशानं खूण केली. मग उभं केलं, पुन्हा खूण. माईंची सून इंदिरा चार बोटं उंच, तिच्या खुणा वेगळ्या. लोणच्याच्या बरण्यांची पोटं सुतळीनं मोजली. मीठ कुठं लागतं, तूप कुठं, सोवळ्यातली भांडी कुठल्या हातानं काढता, सगळं विचारून घेतलं. इंदिरेला हसू यायचं. माईंना मात्र भरून आलं. त्यांचा हात कुठवर पोचतो हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मग त्यानं काम धरलं. भिंतभर सागवानी फडताळ. लोणच्यासाठी अंधारा कप्पा, दुधा-ताकासाठी लाकडी जाळीचा, सोवळ्याच्या भांड्यांना निराळा. लोखंडाचा एक खिळा नाही. माईंना सोवळ्यात लोखंड नको होतं, आणि रखमाजीच्या बापानंही त्याला तेच शिकवलं होतं, की अन्न ठेवायच्या लाकडात लोखंड मारायचं नाही. सगळे सांधे लाकडाचे, खुंट्या लाकडाच्या. लोणावळ्याच्या पावसात भिंती पाझरतात, म्हणून फडताळाला पाठ दुहेरी केली. मागची पाठ भिंतीला, पुढची पाठ आतून दिसणारी, आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटांची पोकळी. ओल आली तरी ती मागच्या मागं राहील, बरण्यांपर्यंत पोचणार नाही.

त्या पोकळीत, मधल्या आडव्या पट्टीवर, रखमाजीनं पहिल्याच दिवशी आपला देव बसवला होता.

हा त्यांच्या घरातला रिवाज. तळहातावर मावेल एवढा चांदीचा टाक, त्यावर घोड्यावर बसलेला खंडोबा. मोठं काम निघालं की रखमाजीचा आजा हा टाक बरोबर न्यायचा आणि कामाच्या अगदी आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी ठेवायचा. सुतार लबाडी करतो ती तिथंच. समोरच्या फळीला रंधा मारमारून आरसा करतो आणि मागं साल निघालेली फळी ठोकून मोकळा होतो, मालकाला पत्ता लागत नाही. म्हणून देव तिथं. जिथं माणसाची नजर पोचत नाही तिथं त्याची पोचावी, आणि त्याच्यादेखत सुताराला खोटं काही करता येऊ नये. काम संपत आलं की अंघोळ करायची, देव उचलून धोतराच्या सोग्यात बांधायचा, मग शेवटची फळी बसवायची आणि शेवटची पाचर मारायची. देव उचलल्याबिगर पाचर मारायची नाही. तीस वर्षांत रखमाजीनं हा क्रम एकदाही चुकवला नव्हता.

कार्तिक वद्य एकादशीला तो चुकला.

त्या दिवशी स्वयंपाकघराची शुद्धी होती. भटजी पुण्याहून सकाळच्या गाडीनं आले आणि आल्या आल्या म्हणाले की दुपारच्या गाडीनं परत जायचंय, उरका. रखमाजीची एकच फळी बाकी होती. तो अंघोळीला निघालाच होता, तेवढ्यात माई आल्या आणि फडताळापुढं उभ्या राहिल्या. त्यांनी प्रत्येक दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, लाकडावरून हात फिरवला. म्हणाल्या, रखमाजी, असं काम मी पुण्यात सरदारांच्या घरीसुद्धा पाहिलं नाही. झालं. रखमाजी फुलला. अंघोळ राहिली, देव राहिला. त्यानं शेवटची फळी उचलली, माईंच्या डोळ्यांदेखत खोबणीत सरकवली आणि हातोड्याच्या चार ठोक्यांत पाचरा मारल्या.

"बघा माई," तो म्हणाला, "केसभर फट न्हाई."

खरोखरच नव्हती. माईंनी डोक्यातला आकडा काढून त्याचं टोक सांध्यावर टेकवलं, तर ते आत जाईना. रखमाजी हसला, पाया पडला, शिधा घेतला आणि थैली खांद्यावर टाकून स्टेशनाकडं निघाला.

स्टेशनात गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसून त्यानं सवयीनं धोतराचा सोगा चाचपला. तिथं गाठ नव्हती. त्यानं दुसऱ्या बाजूला पाहिलं, पागोटं सोडलं, थैली उपडी केली. करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, हातोडा सगळं फलाटावर पसरलं. आणि मग हातोड्याकडं बघता बघता त्याला ते चार ठोके ऐकू आले.  त्याच्या गावाकडची, तळेगावला जाणारी गाडी आली, थांबली, निघून गेली. रखमाजी तिथंच हत्यारं पसरून बसलेला.

तो परत गेला तेव्हा उशीर झाला होता. भटजींनी गोमूत्र शिंपडलं होतं, चूल पेटली होती, दूध उतू गेलं होतं. स्वयंपाकघर सोवळ्यात गेलं होतं. सकाळपर्यंत ज्या जमिनीवर रखमाजी मांडी घालून जेवला, त्या जमिनीवर आता त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. उंबऱ्याबाहेरून त्याला फडताळाची एक कड तेवढी दिसत होती. आणि आत जाता आलं असतं तरी काय? त्या पाचरा उलट्या होत्या. मारल्या की आतल्या आत फाकतात आणि लाकूड धरून बसतात. फळी फोडल्याशिवाय ती निघत नाही. हे कसब त्याला बापानं शिकवलं होतं आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. आपणच केलेल्या पिंजऱ्यात आपला देव कोंडून हा शहाणा दाराशी उभा होता.

माईंनी विचारलं, का रे परत आलास? रखमाजीला सांगता येईना. सोवळ्याच्या फडताळात आपला सुताराचा देव महिनाभर बसला होता हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्याच्या खंडोबाला बकऱ्याचा नैवेद्य दाखवतात. हे कळलं असतं तर बाईनं फडताळ तर फेकलं असतंच, वर घराची पुन्हा शांत केली असती. तो म्हणाला, थोडं सागवान उरलंय, त्याचे चार पाट करून देतो. माई खूश झाल्या.

मग रखमाजी मागच्या पडवीत पाट करत बसला. द्वादशी गेली, त्रयोदशी गेली. एका दिवसात होणारा पाट त्यानं दीड दिवस चालवला. डोळा आणि मन दोन्ही दाराकडं. घरी जावं तर रिकाम्या हातानं जावं लागणार. मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला खंडोबाचे घट बसतात, सहा दिवस टाकाची पूजा होते, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. सुतारांची पाच घरं रखमाजीच्या देव्हाऱ्यापुढं जमायची, कारण भावकीत टाक एवढा एकच. प्रतिपदा दोन दिवसांवर आली होती. राहावं तर तोंड उघडावं लागणार, उघडावं तर जीभ रेटेना. बापलेकीच्या भांडणात जावई सापडावा तसा तो सापडला होता. आतून भांड्यांचा आवाज आला, फडताळाचं दार मिटल्याचा आवाज आला, की त्याचा रंधा मध्येच थांबायचा. दार इतकं हलकं मिटायचं की एरवी त्यानं स्वतःचीच पाठ थोपटली असती.

अमावस्येला सुतार हत्याराला शिवत नाहीत. हात रिकामे झाले आणि रखमाजीचं अवसानच गेलं. तो खांबाला टेकून नुसता बसून राहिला. इंदिरा ताक घेऊन पडवीत आली, वरून त्याच्या भांड्यात ओतलं, आणि गेली नाही. ही बाई कमी बोलायची. तीन दिवस तिनं पाहिलं होतं की हा माणूस लाकडाशी बोलत नाहीये.

"रखमाजी, आत काय राहिलंय तुमचं?" तिनं विचारलं.

रखमाजीनं सगळं सांगितलं. टाक, आजाचा रिवाज, देव उचलल्यावरच पाचर मारायची, सगळं. सांगताना त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. इंदिरेनं ऐकून घेतलं आणि ती आत गेली. रखमाजी पाय आवरून बसला. आता आरडाओरडा होईल, थैली अंगणात पडेल, मग निदान फळी तरी फुटेल आणि देव हाती येईल, अशी त्याची अटकळ होती. शिव्या खायला तो तयार होता.

माई बाहेर आल्या त्या डोळे पुसत.

त्या ओरडल्या नाहीत. पडवीच्या पायरीवर बसल्या. त्यांचंही कुलदैवत जेजुरीचा खंडोबाच. वाटण्या झाल्या तेव्हा देव थोरल्या दिराकडं गेले. माईंच्या वाट्याला भांडी आली, देव आला नाही. तेव्हापासून त्या दुसऱ्याच्या घरी जाऊन, दुसऱ्याच्या सोयीनं आपल्या देवाला हळद वाहत होत्या. आणि आता तो आपल्या पायांनी येऊन त्यांच्या नव्या स्वयंपाकघरात बसला होता. हे सगळं त्यांनी रखमाजीला सांगितलं. पुढं काय येणार ते रखमाजीला दिसायला लागलं होतं.

"माई, देव आमचा हाय," तो म्हणाला. "पाच घरांचा हाय. उद्या घट बसायचं हायेत."

"तीस वर्षांत कधी विसरला होतास का त्याला?"

"न्हाई."

"मग ह्या वेळीच कसा विसरलास? कुणी विसरायला लावलं तुला?"

 चार दिवस रखमाजी स्वतःला हेच विचारत होता. आपल्या गर्वानं घात केला हे एक उत्तर होतं. देवालाच राहायचं असेल, हे दुसरं. आणि दुसऱ्या उत्तराला खोटं म्हणायचं तर देवाच्या मर्जीलाच खोटं म्हणायचं. माई त्याला पुण्याच्या सोनाराकडून नवा टाक घडवून देणार होत्या, याच्यापेक्षा जाड चांदीचा. फडताळापुढं रोज दिवा लावणार होत्या. फक्त, आपणहून बसलेला देव त्या उठवणार नव्हत्या. रागावल्या असत्या तर रखमाजी भांडला असता. हात जोडणाऱ्या म्हातारीशी भांडायचं कसं?

तेव्हा इंदिरा दारातून बोलली. सासूपुढं ती असं कधी बोलत नसे.

"माई, पण काम पुरं झालंय का ते विचारा. अपुऱ्या कामात देव ठेवू नये म्हणतात. काही राहिलं असेल तर फळी काढावीच लागेल."

आणि तिनं रखमाजीकडं सरळ पाहिलं.

त्याला कळलं. तिनं दार उघडून धरलं होतं, त्यानं फक्त बाहेर पडायचं होतं. एक पाचर राहिली म्हणावं, एक खुंटी ढिली आहे म्हणावं. फळी फुटेल, देव हातात येईल, संध्याकाळच्या गाडीनं घर. फळी काय, दुसरी करता येते.

माई चपापल्या होत्या. अशुभाला त्या फार भ्यायच्या. "काय रे, राहिलंय का काही?" त्यांनी विचारलं. "खंडोबाला स्मरून सांग."

 रखमाजीच्या डोळ्यांपुढं बायको बयाबाई आली, सारवलेला देव्हारा आला, भावकीची माणसं आली. एका शब्दाचं तर काम होतं. पण तो शब्द कुणापुढं बोलायचा होता? भिंतीपलीकडं, चार बोटांच्या पोकळीत, तो बसलेला. कामाबद्दल सुतारानं खोटं बोलू नये एवढ्याचसाठी आजानं त्याला तिथं बसवायला सुरुवात केली होती. देव रखमाजीच्या गाठीला असता, तर कदाचित रखमाजी खोटं बोलूनही गेला असता. देव आत होता, म्हणूनच बोलता येईना.

"पुरं झालंय, माई," तो म्हणाला. "काय बी ऱ्हायलं न्हाई."

इंदिरेनं मान खाली घातली आणि ती आत गेली.

घरी बयाबाईनं देव्हारा सारवून ठेवला होता. तिनं नवऱ्याच्या सोग्याकडं पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं आणि तिथंच बसली. चुलता भिमाजी मात्र बसला नाही. सत्तरीचा माणूस, पण पाचही घरांना ऐकू जाईल एवढा आवाज.

"द्येव काय हत्यार हाय, कुटंबी इसरून याया?" तो म्हणाला. "आन् इसरलास तर इसरलास, खोटं बोलून सोडवायचा तरी."

"आबा, त्याच्यापुढं कसं बोलू?" रखमाजी म्हणाला.

यावर भिमाजी जास्तच संतापला. टाकाच्या जागी हळद लावलेली सुपारी ठेवून घट बसवले. पाच दिवस भावकीतल्या बाया आल्या, सुपारीला हळद वाहून गेल्या, बयाबाईशी बोलल्या नाहीत. रखमाजी रोज पूजा करायचा, पण हात जोडले की त्याला समोर सुपारी दिसायची नाही. सागवानाची फळी दिसायची.

षष्ठीला भिमाजीच म्हणाला की नैवेद्य देव असेल तिथं दाखवायचा. भरीत-रोडगा टोपलीत बांधून, भंडारा घेऊन, भिमाजी, रखमाजी आणि बयाबाई तळेगावहून गाडीत बसले. लोणावळ्याला वकिलांच्या घरामागं जाऊन उभे राहिले. रखमाजीनं स्वयंपाकघराची भिंत बाहेरून पावलांनी मोजली, कोपऱ्यापासून सात पावलं, आणि कमरेच्या वर एका दगडावर बोट टेकवलं.

"हितं," तो म्हणाला.

पांढरा चुना दिलेली भिंत. भिमाजीनं पागोटं नीट केलं. बयाबाईनं जमीन झाडली, पाणी शिंपडलं आणि पान मांडलं. तिघांनी त्या दगडावर भंडारा उधळला, आणि पिवळी झालेली ती भिंत बघून बयाबाईला हुंदका आला. आत त्याच वेळी घंटा वाजत होती. माईंनीही भरीत-रोडगा केला होता. एका फडताळाच्या दोन्ही अंगांनी एकाच देवाला एकच नैवेद्य चालला होता आणि मध्ये हातभर दगड होता.

थोड्या वेळानं माई केळीच्या पानावर प्रसाद घेऊन मागच्या दारात आल्या. त्यांचं कपाळ भंडाऱ्यानं भरलेलं. इतक्या सुखी त्यांना इंदिरेनंही कधी पाहिलं नव्हतं. आधी भिमाजी पुढं झाला, मग बयाबाई, शेवटी रखमाजी. त्यानं ओंजळ केली. हाताला हात लागू नये म्हणून माईंनी प्रसाद जरा उंचावरूनच सोडला.

"रोज दिवा लावते हो," त्या म्हणाल्या. "आणि काय काम केलंयस रखमाजी! सहा दिवस दिव्याच्या उजेडात बघतेय. दर्शन व्हावं म्हणून कुठं जरा फट सापडते का, तर केसभरसुद्धा नाही."

रखमाजीनं प्रसादाची ओंजळ कपाळाला लावली.

"व्हय माई," तो म्हणाला. "म्या ठिवलीच न्हाई."